संत व्हेरॉलच्या कुंडातले रक्त

मोंरव्हेलच्या चर्चसमोर इतकी माणसे लोटली होती की, जे बघायला ओदिल व्होक्लँ एकोणीस किलोमीटर चढ चढून आली होती ते तिला दिसेचना. दारावरच्या कमानीत आठशे वर्षांपूर्वी कुणा पाथरवटाने शेवटच्या न्यायाचा देखावा कोरला होता. मधोमध तराजू, एका बाजूला देवदूत, आणि दुसऱ्या बाजूला पारड्याला गुपचूप बोट लावून पाप जड करणारा सैतान. प्रवाशांच्या पुस्तकात या दाराला दोन चांदण्या दिल्या होत्या.

ओदिल फ्रान्समधल्या लिमोज शहरातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. देवाधर्माशी तिचे फारसे सख्य नव्हते, पण जुन्या चर्चांचे वेड होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सायकल काढायची आणि थोरला भाऊ गास्पार याला घेऊन खेडी पालथी घालायची. गास्पारचा उजवा हात लढाईत गेला होता. एका हाताने तो सायकल दामटायचा आणि दोन हातांच्या माणसांना शिव्या घालायचा. साल एकोणीसशे सेहेचाळीस, ऑगस्ट महिना. लढाई संपून सव्वा वर्ष झाले होते, पण गावागावांत ती अजून मुरत होती.

"दादा, आज सण आहे का इथं?"

"सण असता तर कुणी हसलं असतं. ही तोंडं बघ, सगळी फाशी बघायला आल्यासारखी."

पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने मान वळवली. "फाशीच समज बाबा. आज आमच्या गावचा संत व्हेरॉल बोलणार."

"काय बोलणार?"

"नाव बोलणार! घरभेद्याचं."

मग तिने सांगितले ते असे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये जर्मनांनी गावातली सात पोरे एका गोठ्यात गाठून गोळ्या घालून मारली. पोरे तिथे लपली आहेत हे गावातल्याच कुणीतरी सांगितले होते. कुणी, ते कळले नाही. दोन वर्षे गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघत जगले. शेजारी शेजाऱ्याला दूध देताना विचार करू लागला. अशात दोन महिन्यांपूर्वी ब्रदर पांक्रास आले आणि दारातले पवित्र पाण्याचे दगडी कुंड बोलू लागले. निष्पाप माणसाने हात घातला तर पाणी निर्मळ राहते. पाप्याने घातला तर त्याचे रक्त होते.

"झालंय कधी?" ओदिलने विचारले.

"नऊ दिवस झाले. गवंडी फिर्मँ. हात घातले अन् कुंड लालभडक!"

"मग?"

"मग काय? पाणचक्कीच्या तळ्यात बुडवला. मेलानीनं डोकं दाबून धरलं. तिची दोन पोरं गेली ना त्या सातांत." म्हातारीने छातीवर क्रूस काढला. "पोलिसांना सांगितलं, पाय घसरला."

हे तिने हवापाणी सांगावे तसे सांगितले. सायकली वळवाव्यात आणि थेट पोलीस ठाणे गाठावे असे ओदिलच्या मनात आले, पण तेवढ्यात मागून रेटा आला आणि दोघे दारातून आत ढकलले गेले.

कुंड दाराच्या डाव्या अंगाला होते. त्याच्या पलीकडे ब्रदर पांक्रास उभे होते. अंगावर तपकिरी झगा, पोटावर दोरी, आणि ते पोट असे की उपासतापासाशी त्याची तोंडओळखही नसावी. कोणत्या मठाचे, हे कुणी विचारले नव्हते. गावच्या फादरांना संधिवात होता, ते तिसऱ्या रविवारी यायचे आणि मिस्साची प्रार्थना उरकून जायचे. राहिलेल्या दिवसांचे राजे हे पांक्रास. आज या घरचे डुकराचे मांस, उद्या त्या घरचे लोणी. ज्याच्या घरचे जेवण बेताचे असेल त्याच्याकडे ब्रदर जरा जास्त वेळ रोखून बघत, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरून कोंबडी येई.

"पोरांनो!" पांक्रासांचा आवाज खांबाखांबांवर आपटला. "गोठा कुणी दाखवला? जर्मनांना स्वप्न पडलं होतं? तुम्हाला ठाऊक नाही. मला पाप्याला ठाऊक नाही. पण कुंडाला ठाऊक आहे! माणूस खोटं बोलतो, वकील खोटं बोलतो, सरकारी कागद तर जन्मतःच खोटा. पाणी खोटं बोलत नाही!"

"पाणी मुळात बोलतच नाही," गास्पार पुटपुटला. ओदिलने त्याला कोपराने ढोसले.

"फिर्मँ एकटा होता का? एका माणसाच्या जिभेनं सात मुडदे पडतात होय? संतानं काल माझ्या कानात सांगितलं, अजून एक आहे. आणि तो हात पुरुषाचा नाही!"

गर्दीतून एक घोगरा हुंकार निघाला. रांग लागली, पुरुषांनाही सूट नव्हती. सर्वांत आधी काळ्या कपड्यांतली एक उंच, हाडकुळी बाई पुढे आली. हीच मेलानी. तिने मनगटापर्यंत दोन्ही हात कुंडात घातले, बाहेर काढले. पाणी निर्मळ. तिने कुणाकडे पाहिलेसुद्धा नाही. तिच्यामागे बार्नाबे खाटीक. सकाळीच डुक्कर कापून आलेला, नखांत रक्त वाळलेले, पण कुंडाचे पाणी जरा गढूळ होण्यापलीकडे काही झाले नाही. सगळ्या गावात ज्याचे हात रक्ताने माखलेले होते तोच पहिल्या झटक्यात पवित्र ठरला. मग म्हातारी, मग शेतकरी, मग बायका. पाणी तसेच. मधूनमधून पांक्रास पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या मातीच्या जगमधून कुंडात भर घालत होते.

"झेली कुठंय?" पांक्रासांनी एकदम विचारले.

"ती पिंपावर आहे, ब्रदर. मोठं धुणं आहे ना आज."

मोंरव्हेलमध्ये मोठे धुणे वर्षातून दोनदा निघायचे. एरवी घरोघर चिरगुटे खळबळायची, पण चादरी, टेबलाचे कापड, सणाचे सदरे असे साऱ्या गावाचे पांढरे कापड त्या दिवशी तळ्याकाठच्या एका भल्या मोठ्या लाकडी पिंपात रचले जाई. वर लाकडाच्या राखेचा जाड थर, आणि त्यावर दिवसभर उकळते पाणी. खालून निथळलेले राखेचे पाणी परत तापवायचे, परत वर ओतायचे. हे ओतण्याचे काम गावात एकटी झेली करायची. बाकीच्या बायका दुसऱ्या दिवशी तळ्यात कापड खळबळायला यायच्या. साबणाला रेशन होते, राखेला नव्हते.

"घेऊन या तिला," पांक्रास म्हणाले. "आहे तशी आणा. हात धुवायचे नाहीत, पुसायचे नाहीत. संताला कामाचे हात हवेत, नटवलेले नकोत."

ओदिलच्या कपाळाला आठी पडली. पण ती आठी कशासाठी हे तिला तेव्हा उमगले नाही.

झेलीला दोघींनी दंडाला धरून आणले. पंचेचाळिशीची, ठेंगणी, बाह्या खांद्यापर्यंत वर सारलेल्या, हात राखेच्या पाण्याने सोललेले आणि ओलेचिंब. ती सगळ्यांकडे बघून ओशाळे हसली. "अहो, पाणी निवेल ना तिकडं. पटकन काय ते करा."

"जर्मन कॅप्टनचे सदरे कोण धूत होतं गं?" मागून कुणीतरी ओरडले.

"बंदूक रोखल्यावर तूसुद्धा धुतले असतेस," झेली म्हणाली, आणि तिने हात कुंडात घातले.

पाणी लाल झाले. तिच्या बोटांभोवती आधी एक धागा, मग एक पट्टा, मग काठापासून काठापर्यंत सगळे कुंड. झेलीने हात बाहेर ओढले. तिच्या कोपरांवरून लाल थेंब जुन्या फरशीवर पडू लागले.

मेलानी पुढे आली. झेलीच्या कमरेला कपडे बडवायचे धोपाटणे खोचलेले होते. ते तिने उपसले आणि झेलीच्या तोंडावर हाणले.

दात पडल्याचा आवाज ओदिलने ऐकला. त्यानंतर आवाज वेगवेगळे राहिलेच नाहीत. झेलीची टोपी उडाली, केस कुणाच्या तरी मुठीत गेले, ती खाली पडली आणि तिच्यावर लाकडी तळव्यांचे बूट पडू लागले. ज्या म्हातारीने मघाशी क्रूस काढला होता तिने काठीचे टोक झेलीच्या बरगडीत खुपसले. गास्पार एका हाताने वाट काढत मध्ये घुसला. "अरे, बाई आहे ती! गाढवांनो, बाई आहे!" बार्नाबेने त्याच्या कपाळावर ठोसा मारला. गास्पार खांबावर आपटला आणि त्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली.

ते रक्त ओदिलने पाहिले आणि कुंडातलेही पाहिले. दोन्ही एक रंगाचे नव्हते. भावाचे रक्त काळपट, दाट. कुंडातले गुलाबी, जांभळट, शाळकरी मुलींच्या रिबिनीसारखे. हा रंग तिने पंधरा वर्षे दरवर्षी पाहिला होता.

लोकांनी झेलीला पायांना धरून दाराबाहेर ओढले. "तळ्यावर! तळ्यावर!" चर्च रिकामे झाले. पांक्रासांनी झग्यातून एक कुपी काढली आणि उरलेल्या चारदोन म्हाताऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "संता, पाण्याला क्षमा कर." कुपीतले चार घोट त्यांनी कुंडात ओतले. लाल रंग विरला. पाणी पुन्हा निर्मळ. म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसल्या.

ओदिलच्या नाकात व्हिनेगरचा वास शिरला आणि तिला चक्क हसू आले. बाहेर एक बाई मरत असताना आपण हसलो, याची लाज तिला पुढे जन्मभर वाटत राहिली.

"फिनॉल्फ्थॅलिन," ती म्हणाली.

"काय म्हणालीस, मुली?" पांक्रासांचे डोळे बारीक झाले.

ओदिलने वाकून त्यांच्या पायाशी असलेला मातीचा जग उचलला, हुंगला. वरवर पाणी, पण आत ब्रँडीचा पुसट वास. जग छातीशी धरून ती दाराकडे पळाली. पांक्रासांनी तिला पायरीवर गाठले आणि अंबाड्याला धरून मागे खेचले. एवढ्या पोटाचा माणूस इतका चपळ असेल असे कुणाला वाटले नसते. तिचे डोके दाराच्या दगडावर आदळले. "सोड तो जग, सटवे! पवित्र पाणी आहे ते!"

"मग पिऊन दाखवा ना एक पेला!"

ते काही पिणार नव्हते. तिने टाच मागे झाडली, ती नेमकी त्यांच्या नडगीवर बसली, आणि ती सुटली.

तळे दोनशे पावलांवर होते. ओदिल पोचली तेव्हा झेली अजून पाण्यात गेली नव्हती, कारण वाटेत तिला तिचे पिंप सापडले होते. तिने दोन्ही हातांनी पिंपाच्या कडेला मिठी मारली होती आणि ती सोडत नव्हती. दहा जण तिला ओढत होते. पिंप डचमळत होते, राखेचे पाणी सगळ्यांच्या हातांवर, बाह्यांवर उडत होते. मेलानी धोपाटण्याने तिच्या बोटांवर घाव घालत होती, एकेका घावाला आपल्या मेलेल्या पोराचे नाव घेत.

"हा झ्यूलसाठी! हा मार्सोसाठी!"

झेलीची तीन बोटे वेडीवाकडी लोंबत होती. उरलेल्यांनी तिने पिंप धरले होते.

"थांबा! तो रंग आहे, रक्त नाही!" ओदिल ओरडली. कोण ऐकतो? दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा आवाज फुटेना. मग तिने जग उचलला आणि त्यातले अर्धेअधिक पाणी मेलानीच्या हातांवर फेकले.

मेलानीचे हात लाल झाले.

मनगटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, धोपाटण्याच्या दांड्यापर्यंत. तिने हात झाडले, तर लाल थेंब उडाले. ओढणारे थांबले. झेली पिंपाला टेकून खाली घसरली.

"मेलानीकाकूच्या हातांवर..." कुणीतरी म्हणाले.

आणि मग ओदिलला वाटले नव्हते ते झाले. बार्नाबे दोन पावले मागे सरला आणि मेलानीकडे बघू लागला. मघाशी झेलीकडे बघत होता, अगदी तसाच.

"म्हणजे तूसुद्धा?"

"बार्न्या, माझी दोन पोरं गेली रे त्यात!"

"पाणी खोटं बोलत नाही, काकू. ब्रदर म्हणालेत." त्याने खाली वाकून दगड उचलला. त्याच्यामागे आणखी दोघे वाकले. सकाळपासून जिच्या दुःखाच्या नावाने हे सगळे चालले होते, तिला ठेचायला गावाला पाच श्वासही लागले नाहीत.

"अरे मूर्खा, तुझे हात बघ आधी!" ओदिलने जगातले पाणी त्याच्या दगड धरलेल्या हातावर ओतले. हात लाल. शेजारच्याच्या हातांवर ओतले. लाल. शेवटी तिने स्वतःचे दोन्ही हात पिंपाच्या तळच्या राखेच्या पाण्यात बुचकळले, वर धरले आणि उरलेला जग त्यांच्यावर रिकामा केला. "आणि हे माझे! बघा! तुमची पोरं मेली तेव्हा मी लिमोजमध्ये वह्या तपासत होते. मी कुठला गोठा दाखवला? सांगा!"

दगड पडला नाही, पण फेकलाही गेला नाही.

"राख," ती धापा टाकत म्हणाली. "राखेचं पाणी लागलं की हे पाणी लाल होतं. ज्याच्या हाताला लागेल त्याच्या. संत असो, खाटीक असो. झेलीच्या हाताला राख नसणार तर कुणाच्या असणार? सगळ्या गावाचं धुणं तीच एकटी काढते ना? आज मोठं धुणं, आणि आजच संताला बाईमाणूस हवं. हात न धुता हवं!"

"मग ते निर्मळ कसं झालं परत?" गर्दीतून एका तरुण बाईने विचारले. प्रश्न विचारला गेला, हीच त्या दिवसातली पहिली चांगली गोष्ट.

"दादा, काहीतरी आंबट आण!"

गास्पार भुवईला रुमाल बांधून मागोमाग आला होता. धुण्याच्या जागी सफरचंदाच्या आंबूस दारूचा बुधला ठेवलेला होता. तो त्याने दातांनी उघडला आणि बहिणीच्या लाल हातांवर धार धरली. लाली विरून गेली. त्याने बार्नाबेचा हात ओढून त्यावरही धरली. तोही पांढरा झाला.

"झाली बाबा तुझी पापं माफ," गास्पार म्हणाला. "नरकातून सुटायला एक घोट दारू पुरली."



ओदिलने सांगितले ते शाळेतल्या दहा वर्षांच्या पोरीलाही कळते. आपल्याकडे हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तोच प्रकार. फक्त इथे हळदीच्या जागी फिनॉल्फ्थॅलिन नावाची एक पांढरी पूड असते, ती पाण्यात दिसत नाही. राख, चुना, सोडा लागला की लाल. व्हिनेगर, आंबट दारू पडली की रंग गायब. ती पूड ब्रँडीत विरघळते आणि औषधाच्या दुकानात मिळते. "लढाईत आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काही मिळेना, तेव्हा मी त्याच गोळ्या कुटून वापरल्या. जुलाबाच्या गोळ्या!"

पांक्रास लंगडत पोचले तेव्हा गर्दी त्यांना वाट देण्यासाठी दुभंगली, आणि ते मध्ये आल्यावर त्यांच्यामागे मिटली. "सैतानाची चेली आहे ही!" त्यांनी सुरुवात केली. "पुस्तकं वाचलेली बाई म्हणजे..."

"ब्रदर," मेलानी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "राखेत हात घाला."

"माझे हात अभिषेक झालेले..."

बार्नाबेने त्यांची मानगूट धरली, हात पिंपाखालच्या राखेच्या पाण्यात कोपरापर्यंत दाबला आणि जगच्या तळाशी राहिलेले थेंब त्यावर निथळवले. अभिषेक झालेला हात गुलाबी झाला. दुसऱ्या कुणी झोळी हिसकावून उलटी केली. त्यातून सॉसेज पडले, पत्ते पडले आणि पत्र्याच्या चपट्या डब्या खणखणत पडल्या. झाकणावर हसऱ्या म्हाताऱ्याचे चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'बद्धकोष्ठावर खात्रीचा उपाय'. लढाईआधी हे महाराज जत्राजत्रांतून हेच विकत फिरायचे. घरभेदी कोण होता हे त्यांना ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. जर्मनांच्या चौकीची भिंत बांधलेला गवंडी आणि जर्मनांचे सदरे धुतलेली बाई, गाव ज्यांच्यावर आधीच दात खाऊन होते अशी दोन माणसे त्यांनी हेरली होती. एकाचे हात चुन्याचे, दुसरीचे राखेचे. बाकीचे काम गावानेच केले.

पहिला बूट पांक्रासांच्या पोटात बसला, दुसरा तोंडावर. ते कोसळले आणि डुकरासारखे किंचाळू लागले. "तळ्यात घाला!" बार्नाबे ओरडला. त्याच तोंडाने, त्याच आवेशात. धोपाटणी उगारली गेली. एक ओदिलच्या खांद्यावर बसले, कारण ती पांक्रासांच्या अंगावर आडवी पडली होती. तिला त्याचा किळसवाणा घाम लागत होता.

"पोलीस!" ती किंचाळली. "पोलिसांना बोलवा! याला मारलंत तर उद्या काय सांगाल, पाय घसरला?"

"मग सोडून द्यायचा?" बार्नाबेच्या डोळ्यांत पाणी होते. "तूच दाखवलंस ना हा भामटा आहे म्हणून!"

"भामटा आहे, आणि मला त्याचा गळा दाबावासा वाटतोय! पण शहानिशा करायची तर न्यायालयात करा. मघाशी तुम्हाला झेलीची खात्री होती. पाच मिनिटांनी मेलानीची झाली. तुमच्या खात्रीची मला भीती वाटते रे!"

गास्पार येऊन तिच्याजवळ उभा राहिला. एकच हात, पण त्यात सायकलचा पंप होता. तरीही ते दोघे त्या गर्दीला पुरे पडले नसते. गर्दी थांबली ती मेलानीमुळे. ती मध्येच चिखलात बसली होती आणि आपल्या हातांकडे बघत होती. लाली आता पुसट झाली होती.

"मग फिर्मँ?" ती म्हणाली.

तिने हात चिखलात पुसले.

"मी त्याचं डोकं धरलं होतं. तो पाण्यात काहीतरी बोलत होता. बुडबुडे येत होते." तिने वर पाहिले. "काय बोलत होता तो?"

"मी सांगते."

चक्कीच्या भिंतीपाशी फिर्मँची बायको ओगुस्तिन उभी होती. नऊ दिवस ती घराबाहेर पडली नव्हती. नऊ दिवस तिच्या दारावर कुणी थापही मारली नव्हती, कारण ती घरभेद्याची विधवा होती. ती पुढे आली नाही. तिथूनच बोलली.

"तो भिंत लावत होता. थापी हातातून काढून घेतलीत आणि तसाच ओढून आणलात. मी तुमच्या मागून पळत होते. ओरडत होते, त्याचे हात चुन्याचे आहेत, आधी धुऊ द्या, मग काय ती परीक्षा घ्या. बार्नाबे, तुझा कोट धरला मी. तू मला ढकललंस. मेलानी, तुझ्या पाया पडले. तळ्यातही तो तेच बोलत असणार. धुऊ द्या, एकदा धुऊ द्या." तिचा आवाज फाटला. "पाणी होतं की गं इथं! एवढं तळंभर पाणी होतं, आणि माझ्या नवऱ्याला हात धुवायला ते तुम्ही दिलं नाहीत. बुडवायला दिलंत."

मेलानीच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकवत नव्हता. पोरे गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असे गावातले लोक नंतर सांगत.

पोलीस संध्याकाळी आले. पांक्रासला न्यायला आले होते, पण मेलानी ठाण्याच्या गाडीत आधी चढून बसली. "माझं नाव लिहा," ती म्हणाली. मग बार्नाबेने आपले लिहवले. तळ्यावर फिर्मँला धरणारे, ओढणारे, नुसते ओरडणारे असे एकूण अकरा जण गेले. काहींना शिक्षा झाली, काही सुटले. झेली वाचली. तिची तीन बोटे कायमची वाकडी राहिली, आणि पुढच्या वर्षीचे मोठे धुणे गावाला तिच्याशिवाय काढावे लागले, कारण ती मोंरव्हेल सोडून गेली. गोठा कुणी दाखवला हे आजपर्यंत कुणाला कळलेले नाही. सगळ्याच प्रश्नांना उत्तर मिळत नाही, आणि ज्याला ते सोसवत नाही त्याच्या दारात पांक्रास येऊन उभा राहतो.

कुणाला देव मानायचा तर त्याने मानावा. जुन्या चर्चात जावे, दगडातले देवदूत बघावेत, कुंडात बोटे बुडवून क्रूस काढावा, त्याने कुणाचे काही बिघडत नाही. पण त्या पाण्याच्या साक्षीवरून माणसावर हात उगारायची वेळ आली तर जरा थांबा. हे असे का झाले, दुसऱ्या कशाने होऊ शकेल का, एवढे विचारा. त्याला मोठी विद्या लागत नाही. फिर्मँला बुडवला त्या दिवशी चर्चात आणि तळ्यावर अख्खे गाव होते, त्यात पंच होते, पोस्टमास्तर होता, लढाईतून परत आलेले शिपाई होते. सत्य शोधायची खरी युक्ती त्या सगळ्यांत एकट्या, अक्षरशत्रू ओगुस्तिनला सुचली होती. ती फक्त म्हणत होती, आधी त्याला हात धुऊ द्या.